अमोल पालेकरांच्या प्रेमकथांमध्ये घराचा प्रश्न कुठून आला? आणि नवी मुंबईत तो अजून का सुटत नाही?

तो आणि ती एकाच ऑफिसात कामाला. प्रेम जमलंय, लग्न करायचंय, घोडं अडलंय ते जागेपाशी. तो तीन-चार जणांबरोबर एका खोलीत राहतो. ती भावाच्या संसारात, जिथे पाय पसरायलाही जागा नाही. दोघं पगारातून पै-पै साठवतात आणि बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत फ्लॅट बुक करतात. इमारतीचा सांगाडा बघूनच दोघांचा अर्धा संसार मांडून होतो. आणि एक दिवस कळतं, बिल्डर पैसे घेऊन पळाला.

ही उलवे, तळोजा किंवा पनवेलमधली गेल्या आठवड्यातली बातमी वाटेल. पण ही गोष्ट १९७७ सालची आहे. चित्रपटाचं नाव 'घरौंदा', तो म्हणजे अमोल पालेकर आणि ती म्हणजे झरीना वहाब.

पालेकरांचं नाव काढलं की आज आठवतो तो बसस्टॉपवर लाजत उभा असलेला, बुशशर्ट घातलेला साधा मुलगा. इन्स्टाग्रामवर सत्तरच्या दशकातल्या मुंबईचे रील फिरतात, त्यात रिकामे रस्ते असतात, डबलडेकर बस असते आणि बऱ्याचदा पालेकरही असतात. खाली कमेंट ठरलेली, 'किती साधा काळ होता!' पण ते चित्रपट नीट बघितले तर तो काळ अजिबात साधा नव्हता. पालेकरांचा हिरो प्रेमात पडायचा तेव्हा त्याला आडवा यायचा तो त्याचा पगार, त्याचा हुद्दा आणि त्याचा पत्ता.

बँकेतला कारकून हिरो कसा झाला?

अमोल पालेकरांचा जन्म २४ नोव्हेंबर १९४४ चा, मुंबईचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचं शिक्षण घेतलं, पुढे बँक ऑफ इंडियात कारकुनी केली. नाटकाकडे वळले ते सत्यदेव दुबेंमुळे. दुबेंनीच दिग्दर्शित केलेल्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९७१ च्या मराठी चित्रपटात ते पडद्यावर दिसले आणि १९७२ मध्ये त्यांनी 'अनिकेत' ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. म्हणजे हिंदीत यायच्या आधीच चित्रकार, बँकवाला आणि प्रायोगिक रंगकर्मी अशा तीन ओळखी त्यांच्या खिशात होत्या. हिरो होण्यासाठी जीव टाकणाऱ्यांतले ते नव्हते. हे महत्त्वाचं आहे, पुढे त्याचा संबंध येतो.

१९७४ मध्ये बासू चटर्जींचा 'रजनीगंधा' आला. मन्नू भंडारींच्या 'यही सच है' या कथेवरचा. हिरो संजय नोकरदार आहे, प्रमोशनची वाट बघतोय, बोलघेवडा आहे, विसरतो, उशिरा येतो. त्याच्यासमोर नायिकेचा जुना मित्र नवीन आहे, रुबाबदार, जाहिरात क्षेत्रातला. नायिका दोघांमध्ये हेलकावे खाते आणि शेवटी निवडते संजयला. या कमी खर्चाच्या चित्रपटाने फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवला.

तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं ते बघा. राजेश खन्नांच्या रोमँटिक लाटेचा भर ओसरला होता आणि १९७५ मध्ये 'दीवार' आणि 'शोले' येणार होते. एकीकडे डोंगरदऱ्यांत गाणारा प्रियकर, दुसरीकडे व्यवस्थेवर हात उचलणारा अँग्री यंग मॅन. या दोघांच्या मधल्या फटीत एक माणूस होता, जो सकाळी डबा घेऊन निघायचा, मस्टरवर सही करायचा आणि संध्याकाळी आवडत्या मुलीशी काय बोलायचं हे मनात घोकत घरी जायचा. सिनेमागृहात बसलेले कितीतरी लोक तसेच होते. त्यांना पडद्यावर स्वतःचा चेहरा मिळाला तो पालेकरांचा.

पाठोपाठ १९७६ मध्ये 'छोटी सी बात' आणि 'चितचोर' आले. दोन्ही बासू चटर्जींचेच, दोन्ही चालले.

प्रेमाच्या आड येणारा व्हिलन कोण?

'छोटी सी बात'मधला अरुण बसस्टॉपवर प्रभाला (विद्या सिन्हा) रोज बघतो, पण बोलू शकत नाही. त्याचा प्रतिस्पर्धी नागेश (असरानी) काही गुंड नाही. त्याच्याकडे फक्त एक स्कूटर आहे. तो तिला लिफ्ट देतो आणि अरुण बसच्या रांगेत राहतो. बरोबरी करायची म्हणून अरुण मोटरसायकल घ्यायला जातो, तर भंगार गाडी त्याच्या गळ्यात मारली जाते. सगळा विनोद आहे, पण ज्याने कधी मित्राची गाडी मागून कुणाला तरी भेटायला गेल्याचा अनुभव घेतलाय, त्याला तो जरा टोचतो.

'चितचोर'मध्ये तर अख्खी गोष्ट हुद्द्यावर उभी आहे. गावात इंजिनीअर येणार म्हणून मुलीच्या घरी पायघड्या घातल्या जातात. येतो विनोद, सगळ्यांना आवडतो, मुलीलाही. मग कळतं, हा इंजिनीअर नाहीच, हा ओव्हरसियर. खरा इंजिनीअर मागून येतो आणि आईचं प्रेम एका रात्रीत बदलतं. माणूस तोच, गाणं तेच, फक्त पद बदललं.

१९७९ च्या 'गोलमाल'मध्ये नोकरी टिकवण्यासाठी हिरोला जुळा भाऊ असल्याचं सोंग करावं लागतं आणि सगळा खेळ एका मिशीवर चालतो. हृषीकेश मुखर्जींच्या या चित्रपटासाठी पालेकरांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, तेही अमिताभ ऐन भरात असताना. त्याच वर्षीच्या 'बातों बातों में'ची प्रेमकथा वांद्र्याच्या लोकल ट्रेनमध्ये सुरू होते.

या चित्रपटांत तलवारी नाहीत, खानदानी दुश्मनी नाही, बंदूक घेऊन उभा असलेला बाप नाही. गोष्ट पुढे ढकलतात त्या स्कूटर, हुद्दा, नोकरी आणि लोकलची वेळ. बहुतेकदा शेवट गोड होतो, कारण दिग्दर्शकाला माणसं आवडतात. 'घरौंदा'मध्ये मात्र तसं झालं नाही.

'घरौंदा'मध्ये नेमकं काय होतं?

दिग्दर्शक होते भीमसैन. हे मूळचे अॅनिमेशनवाले. दूरदर्शनवर पिढ्यांनी पाहिलेल्या 'एक अनेक और एकता' या फिल्मचं अॅनिमेशन त्यांचंच. 'घरौंदा'ची कथा डॉ. शंकर शेष यांची, संगीत जयदेव यांचं. त्यातलं घर शोधणाऱ्या जोडप्याचं गुलजार यांनी लिहिलेलं गाणं भूपिंदर आणि रुना लैला यांनी गायलंय, ते आजही लोक गुणगुणतात. पण पडद्यावर ते बघितलं तर लक्षात येतं, मागे बागा नाहीत, अर्धवट बांधलेल्या इमारती आहेत.

बिल्डर पळाल्यावर पैसे बुडालेल्यांपैकी एक जण आत्महत्या करतो. सुदीप (पालेकर) आतून कडवट होतो. आणि मग तो असा मार्ग काढतो, जो हिंदी चित्रपटाचा हिरो सहसा काढत नाही. ऑफिसचा मालक मोदी (डॉ. श्रीराम लागू) विधुर आहे, हृदयविकाराचा रुग्ण आहे आणि त्याला छाया आवडते. सुदीप छायाला सांगतो, तू त्याच्याशी लग्न कर. तो फार दिवस जगणार नाही. मग पैसा आपला, घर आपलं.

हे ऐकल्यावर छायाच्या चेहऱ्यावर जे दिसतं तिथे चित्रपटाची दिशा बदलते. ती शेवटी मोदीशी लग्न करते, पण सुदीपच्या हिशोबाने गोष्टी घडत नाहीत. मोदीला जगण्याची उमेद येते. छाया त्याची काळजी घ्यायला लागते, त्याच्याबद्दल तिला खरंच काहीतरी वाटायला लागतं. आणि सुदीपच्या हाती ना घर राहतं ना ती.

पालेकरांच्या सगळ्या कारकिर्दीत हा चित्रपट कळीचा का, तर प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला तोच भला मुलगा इथे दाखवतो की जागा मिळत नाही म्हणून माणूस आतून किती खाली जाऊ शकतो. सुदीपला फक्त खलनायक म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण बिल्डरने त्याला फसवलं तेव्हा आपण त्याच्याच बाजूने असतो.

त्याच वर्षी श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'मध्ये त्यांनी स्मिता पाटीलच्या नवऱ्याचं, केशव दळवीचं काम केलं. बायकोच्या कमाईवर जगणारा, तिच्यावर संशय घेणारा माणूस. रोमँटिक हिरो म्हणून नाव होत असताना अशी दोन कामं एका वर्षात करणं धंद्याच्या दृष्टीने वेडेपणा. पण ज्याला परत चित्रांकडे आणि नाटकाकडे जायची वाट माहीत होती, त्याला इमेजची भीती कमी असावी.

पण याचा नवी मुंबईशी काय संबंध?

'घरौंदा' आला तेव्हा सिडको सात वर्षांची होती. १७ मार्च १९७० ला ही सरकारी कंपनी स्थापन झाली. त्याआधी साठच्या दशकाच्या मध्यात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात एक कल्पना मांडली होती. मुंबई उत्तरेकडे नुसती लांबत चाललीय, त्याऐवजी खाडीपलीकडे पूर्वेला जुळं शहर वसवा. कचेऱ्या तिकडे न्या, मंत्रालय तिकडे न्या, म्हणजे माणसं आपोआप जातील आणि बेटावरच्या जागेचे भाव उतरतील. ही कल्पना पुढे सरकारने उचलली.

म्हणजे कागदावर नवी मुंबई सुदीप आणि छायासारख्यांसाठीच होती. कारकून, शिक्षक, टायपिस्ट, नर्स अशा पगारदार माणसांसाठी, ज्यांना मुंबईत पागडी परवडत नव्हती आणि ओनरशिपचा फ्लॅटही.

प्रत्यक्षात काय झालं? मंत्रालय हललं नाही. ज्या काळात नवीन शहराला कचेऱ्या हव्या होत्या, त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून टॉवर उभे राहिले. वाशीत घरं झाली, पण नोकरी राहिली फोर्टात. रेल्वे खाडी ओलांडून वाशीला पोहोचली ती थेट १९९२ मध्ये, 'घरौंदा'नंतर १५ वर्षांनी. तोवर तिथे राहायला गेलेल्यांचा दिवस बसच्या रांगेत सुरू व्हायचा आणि रांगेतच संपायचा. 'छोटी सी बात'मधल्या रांगेत निदान प्रभा तरी होती.

आणि ही जमीन रिकामी नव्हती, हेही सांगायला हवं. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांतल्या आगरी, कोळी आणि इतर शेतकऱ्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्याचं नेतृत्व केलेल्या दि. बा. पाटील यांचं नाव विमानतळाला द्यावं म्हणून इतकी वर्षं आंदोलनं झाली, त्याचं मूळ तिथे आहे. मध्यमवर्गाच्या घराच्या स्वप्नाची किंमत कुणीतरी आधीच मोजली होती. 'घरौंदा'मध्ये ही बाजू येत नाही.

आज सुदीप आणि छाया काय करतील?

सिडकोच्या लॉटरीचा फॉर्म भरतील.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोने 'माझे पसंतीचे सिडकोचे घर' ही योजना आणली. तब्बल २६ हजार घरं. वाशी, खारघर, पनवेल, कळंबोली, तळोजा, उलव्याकडचं बामणडोंगरी आणि खारकोपर अशी ठिकाणं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख, म्हणजे महिन्याला ५० हजार. जानेवारी २०२५ मध्ये किमती बाहेर आल्या आणि अनेकांचे चेहरे उतरले. तळोजात सुरुवात साधारण २५ लाखांपासून, पण वाशीतलं अल्प उत्पन्न गटाचं घर ७४ लाखांच्या घरात आणि खारघर स्टेशनजवळचं ९७ लाखांच्या आसपास. गटाचं नाव काय, तर 'अल्प उत्पन्न'.

जरा हिशोब करा. ९७ लाखांच्या घरासाठी १० लाख हातचे घातले आणि उरलेले ८७ लाख साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण ७५ हजार बसतो. तळोजाचं घर मात्र दोघं कमावत असतील तर जमू शकतं, ते नाकारायचं कारण नाही. पण मग ऑफिस बीकेसीत असेल तर रोज जाऊन-येऊन किती तास, हे त्या मार्गावरच्या माणसाला विचारा.

त्यात अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरमध्ये तिथून विमानं उडायला लागली. बिल्डरांच्या जाहिरातीत आता 'एअरपोर्टपासून इतक्या मिनिटांवर' हे ठरलेलं वाक्य असतं. ज्या पुलाने आणि विमानतळाने शहराला मोठं करायचं, त्यांच्यामुळेच घर आणखी दोन पावलं लांब जातं.

एक गोष्ट मात्र खरोखर बदलली आहे, आणि तिचं श्रेय द्यायला हवं. सुदीपचे पैसे बुडाले तेव्हाही महाराष्ट्रात फ्लॅटधारकांना संरक्षण देणारा कायदा होता, १९६३ चा मोफा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय २० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येणार नाहीत, असं त्यात होतं. पण तक्रार घेऊन जायचं कुठे, तर कोर्टात. महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं आणि चित्र थोडं पालटलं. आता प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम बिल्डरला त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, म्हणजे ते पैसे दुसरीकडे वळवता येऊ नयेत. आजचा सुदीप पैसे भरण्याआधी महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून बघू शकतो. फसवणूक संपली असं नाही, पण निदान बघायला जागा आहे.

मग पालेकरांचा वारसा कुणी चालवला?

साधारणपणे आयुष्मान खुराना किंवा राजकुमार राव यांची नावं घेतली जातात, कारण तेही 'शेजारचा मुलगा' दिसतात. दिसण्यापुरतं ते बरोबर आहे. पण जागेचा प्रश्न प्रेमकथेच्या मधोमध ठेवणारे चित्रपट बघायचे तर विकी कौशलकडे वळावं लागतं. २०१८ च्या 'लव्ह पर स्क्वेअर फूट'मध्ये एका बँकेत काम करणारे दोघं घराच्या योजनेत बसावं म्हणून लग्नाचा घाट घालतात. २०२३ च्या लक्ष्मण उतेकरांच्या 'जरा हटके जरा बचके'मध्ये इंदूरचं जोडपं सरकारी घर मिळावं म्हणून घटस्फोट घ्यायला निघतं. 'घरौंदा'तल्या सुदीपने घरासाठी प्रेयसीचं लग्न दुसऱ्याशी लावायची योजना आखली होती. तर्क तोच, फक्त आता तो विनोदी झाला आहे. ४५ वर्षांत प्रेक्षकाला त्याची सवय झाली असणार.

पालेकरांच्या त्या चित्रपटांवर टीकाही करायला जागा आहे. मुलीचा रोज पाठलाग करणं 'छोटी सी बात'मध्ये गोड म्हणून दाखवलंय, आज ते तसं बघवत नाही. आणि त्या मध्यमवर्गात आडनावं ठरावीकच असायची. चाळीतला, झोपडपट्टीतला, दलित वस्तीतला तरुण त्या बसच्या रांगेत क्वचितच दिसतो. 'बातों बातों में'चं ख्रिस्ती घर हा अपवाद. स्वतः पालेकर मात्र तिथेच थांबले नाहीत. १९८१ च्या 'आक्रीत'पासून ते दिग्दर्शनात उतरले, १९९५ मध्ये माडगूळकरांच्या कादंबरीवर 'बनगरवाडी' केला, र. धों. कर्वे यांच्यावर 'ध्यासपर्व' केला. शाहरुख खानला घेऊन केलेला त्यांचा 'पहेली' हा २००५ चा चित्रपट भारताकडून ऑस्करला गेला. नाटकांच्या संहितांच्या सेन्सॉरशिपविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातल्या कार्यक्रमात सरकारी निर्णयावर बोलताना त्यांना मध्येच अडवलं गेलं, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. २०२१ च्या '२०० हल्ला हो'मध्ये ते निवृत्त दलित न्यायाधीश झाले. बसस्टॉपवरच्या लाजऱ्या मुलाच्या रीलमध्ये यातलं काही मावत नाही.

२०२३ मध्ये ते 'गुलमोहर'मध्ये दिसले. त्यात दिल्लीतलं एक कुटुंब आपलं जुनं घर बिल्डरला विकून बाहेर पडतंय, कारण तिथे आता टॉवर होणार आहे. तिकडे वाशीत सिडकोने सुरुवातीच्या काळात बांधलेल्या इमारतींचं प्लास्टर पडू लागलं, काही धोकादायक ठरल्या, आणि आता त्यांचाही पुनर्विकास चालू आहे. ज्यांनी उमेदीत, खाडी ओलांडून, रेल्वे नसताना ती घरं घेतली, ती माणसं आज सत्तरीत आहेत. सामान बांधून ती भाड्याच्या जागेत गेली आहेत किंवा जायच्या तयारीत आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी नातवंडांना घेऊन बांधकाम कुठवर आलं ते बघून येतात.